मदत हवी आहे : ऑफिसचा जुना सर्व्हर बदलायचा आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

ऑफिस लहान आहे. वीस-बावीस जण, तेवढेच संगणक, दोन प्रिंटर, एक जुनं मोठं झेरॉक्स-स्कॅनर मशीन आणि कपाटाशेजारी एक टॉवर सर्व्हर. मी मुळात हिशेबाच्या कामाला. पण "तुला त्यातलं कळतं" असं एकदा कुणी म्हटलं की पुढचं सगळं आपल्याच गळ्यात पडतं.

सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, आणि पैसे भरून मिळणारे वाढीव अपडेट आम्ही घेतलेले नाहीत. डोमेन (सगळ्यांची लॉगिन खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था), डीएनएस (संगणकांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा), डीएचसीपी (संगणकांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा), फाइली, प्रिंटर, अकाउंटिंगचा डेटाबेस असं सगळं त्या एकाच डब्यावर. चार डिस्कची रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी) आहे. त्यातल्या एकीचा दिवा पिवळा लुकलुकतोय. बूट होताना रेड कार्डाची बॅटरी गेल्याचा मेसेज येतो, आणि तो यायला लागल्यापासून कुणी मोठी फाइल सेव्ह केली की सगळ्यांच्याच स्क्रीन थिजतात. बॅकअप रोज रात्री यूएसबी डिस्कवर जातो, हिरवी खूण दिसते.

नवीन सर्व्हरला मंजुरी मिळाली आहे. मला भीती डोमेनची वाटते. सगळ्यांचे लॉगिन, पासवर्ड नवीन मशीनवर जसेच्या तसे जातील का? थेट विंडोज सर्व्हर २०२५ घ्यावा का? आणि ऑफिस बंद न ठेवता हे जमतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

केबलवाला :
डोमेन राहू द्या बाजूला, आधी तो पिवळा दिवा बघा. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालतं, पण नवीन डिस्क घातल्यावर रीबिल्ड होताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. त्याही त्याच वयाच्या. दुसरी कच्ची असेल तर नेमकी तेव्हाच मान टाकते. म्हणून डिस्क बदलण्याआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून फाइली उघडून बघा. हिरवी खूण म्हणजे काम संपलं एवढंच. आत काय आलं ते ती सांगत नाही.

स्क्रीन थिजण्यामागे बहुधा ती बॅटरीच आहे. बॅटरी नसली की कार्ड कॅशवर (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीवर) भरवसा न ठेवता प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहितं. सेटिंगमध्ये जबरदस्तीनं राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, डिस्कवर नंतर लिहिणं) चालू करा असं कुणी सुचवेल, ऐकू नका. वीज गेली तर कॅशमधलं सगळं जाईल.

रात्रपाळी :
डोमेनची इतकी भीती नको, तो रस्ता मळलेला आहे. फक्त थेट २०२५ वर उडी मारता येणार नाही. २०२५ चा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) जोडायला डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या आवृत्तीच्या पातळीवर चालतं ती) किमान २०१६ लागते आणि तुमचा २०१२ आर२ तिथे पोहोचूच शकत नाही. २०२२ घ्या, त्याला ऑक्टोबर २०३१ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. तुमचं डोमेन २००३ च्या काळापासून चालत आलं असेल तर सिसवॉल (डोमेनच्या सामायिक सेटिंगचं फोल्डर) अजून एफआरएस या प्रती जुळवण्याच्या जुन्या पद्धतीवर असू शकतं. २०१९ पासून पुढे ते चालत नाही. जुन्या सर्व्हरवर 'डीएफएसआरमिग' या कमांडनं स्थिती विचारा. 'एलिमिनेटेड' (म्हणजे एफआरएस गेलं) आलं की निश्चिंत.

नवीन मशीनवर हायपर-व्ही (एकाच मशीनमध्ये अनेक 'मशीन' चालवण्याची विंडोजची सोय) टाका आणि दोन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) करा : एकात डोमेन-डीएनएस-डीएचसीपी, दुसऱ्यात फाइली आणि डेटाबेस. स्टँडर्ड लायसन्समध्ये दोन व्हीएम बसतात, मात्र होस्टवर (खालच्या मूळ मशीनवर) दुसरं कुठलंही काम ठेवायचं नाही. २०१२ चे क्लायंट लायसन्स (सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीचे) २०२२ ला चालत नाहीत, ते नव्यानं घ्यावे लागतील. कोटेशनमध्ये ही ओळ हमखास राहून जाते.

मग नवा कंट्रोलर जुन्याच्या शेजारी उभा करायचा. खाती, पासवर्ड आपोआप येतात. पाचही फस्मो रोल (डोमेनमधल्या खास जबाबदाऱ्या) नव्यावर हलवा, डीएचसीपीतून सगळ्यांना नवा डीएनएस द्या. नंतर एखाद्या कामाच्या दिवशी जुना नुसता बंद करून बघा, कोण ओरडतं ते कळेल. पुन्हा चालू करून रीतसर डिमोट करा (कंट्रोलरचं काम काढून घ्या). बंद अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवून मग जोडू नका.

आणखी एक सदस्य :
लोक अजून सर्व्हर विकत घेतात? सगळं क्लाउडवर टाका.

धागाकर्ता :
फाइलींचा विचार करता येईल, पण अकाउंटिंगचा डेटाबेस आमच्या इंटरनेटवरून रडतो, बघून झालंय.

रात्रपाळी, खूप आभार. पण व्हर्च्युअल म्हटल्यावर मागे जाऊन बघितलं. सर्व्हरच्या पाठीमागे अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) आहे, चिकटपट्टीनं पक्का केलेला. त्याचं काय?

केबलवाला :
हीच खरी मेख. हायपर-व्हीमध्ये होस्टला लावलेला डोंगल सरळ व्हीएमला देता येत नाही. नेटवर्कवरून यूएसबी पुरवणारा हब मिळतो, तो एक उपाय. त्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकून डोंगलऐवजी सॉफ्टवेअर लायसन्स मागा. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा मशीनची ऑर्डर जाण्याआधीच विचारा.

आणि ते जुनं स्कॅनर मशीन फोल्डरमध्ये स्कॅन टाकतं ना? जुन्या सर्व्हरवर एक स्कॅन चालू असतानाच पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) 'गेट-एसएमबीसेशन' चालवून डायलेक्टचा (जोडणीच्या आवृत्तीचा) रकाना मागवून बघा. आकडा १ ने सुरू होत असेल तर ते एसएमबी१ (फाइली शेअर करण्याची जुनी पद्धत) वर आहे, आणि नवीन सर्व्हरवर एसएमबी१ मुळात बसवलेलंच नसतं. एका स्कॅनरसाठी ते चालू करू नका; मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारानं पसरला. स्कॅनरच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर वळवा.

रात्रपाळी :
प्रिंटरमध्ये हातानं भरलेले डीएनएसचे आयपीही तपासा. फाइली हलवताना रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडनं परवानग्यांसकट आधी एकदा सगळं उतरवून घ्या, मग सुट्टीच्या दिवशी फक्त बदललेलं. एक्सेलमधल्या लिंक जुन्या सर्व्हरच्या नावानं साठलेल्या असतात. जुना डोमेनमधून पूर्ण निघाला की तेच नाव फाइलींच्या व्हीएमला द्या.

धागाकर्ता :
रिस्टोअर करून बघितलं. फाइली उघडल्या, परवानग्याही जागेवर. अकाउंटिंगचा डेटा मात्र 'रिपेअर करा' म्हणतोय, आणि रिपेअरनंतर शेवटच्या काही नोंदी दिसत नाहीत. स्कॅनरचा आकडा १.५० आला.

केबलवाला :
बॅकअप सुरू होतो तेव्हा कुणीतरी सॉफ्टवेअर उघडं ठेवून घरी गेलेलं असतं. सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप संध्याकाळी आधी लावा, त्याची फाइल मग रात्रीच्या बॅकअपमध्ये जाऊ द्या. ती दुसऱ्या मशीनवर नीट उघडली की डिस्क बदला. तोवर सर्व्हर रीस्टार्टसुद्धा करू नका.