एआयमुळे वाचलेला वेळ टीमपर्यंत पोचतोय का? गोव्यातले अनुभव सांगा

पणजी, एचआर आणि ट्रेनिंग

नमस्कार मंडळी. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, मग ती चार असोत की चारशे, आणि ज्यांच्या डोक्यावर साहेब आहे, त्या सगळ्यांसाठी हा धागा. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि बघता बघता मीटिंगची मिनिट्स, मेल, ड्युटी रोस्टर, अप्रेझलचे शेरे सगळं तिकडून यायला लागलं. माझा त्याला विरोध नाही, मी रोज वापरते. पण तासाभराचं काम दहा मिनिटांत होत असेल तर उरलेली पन्नास मिनिटं कुठे जातात हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. माझ्या मते त्या वेळेवर पहिला हक्क टीमचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो आणखी चार मेलमध्ये संपतो.

सुरुवात मीच करते. एका कंपनीत एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रं वाटली गेली, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शिरोड्याला जाणाऱ्या दोघींनी मोबाईल शेजारी शेजारी धरून वाचलं तर मधला परिच्छेद शब्दन् शब्द सारखा. एक स्टोअर्समध्ये, दुसरी क्वालिटीत. 'टीममधील समन्वयात मोलाचे योगदान' वगैरे. पगारवाढ दोघींनाही चांगली मिळाली होती, तरी क्वालिटीवाली मला म्हणाली, मॅडम, वर्षभर मी काय केलं ते सरांना ठाऊकच नाही ना मग. त्यानंतर सुपरवायझरांच्या ट्रेनिंगमध्ये मी एक पद्धत ठेवली. आधी त्या माणसाबद्दल तुम्हाला आठवणाऱ्या तीन घटना स्वतःच्या हाताने लिहायच्या, मराठीत कोंकणीत कशाही, आणि मगच इंग्रजी नीट करायला टूल उघडायचं. तीन घटना आठवल्या नाहीत तर लिहायला बसू नका, आधी त्या माणसाला जाऊन भेटा.

आता तुम्ही लिहा. कंपनीचं नाव नको.

वेर्णा, औषध कंपनी, शिफ्ट इन्चार्ज

आमच्याकडे काहीही ठरल्याबाहेर घडलं की डिव्हिएशन, म्हणजे त्या घटनेची नोंद, उघडायची, कारण शोधायचं, उपाय लिहायचा. कंपनीने स्वतःचं आतलं एआय टूल दिलंय (बॅचचा डेटा बाहेरच्या कुठल्याही टूलमध्ये टाकायला सक्त मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे) आणि ते रिपोर्ट इतका सुरेख लिहितं की वाचून समाधान होतं. पण त्याला माहिती कोण देतं, तर आम्हीच, आणि ऑपरेटरने चौकशीत तोंड उघडलं नसेल तर टूल बिचारं 'मानवी चूक, पुन्हा प्रशिक्षण' एवढंच लिहिणार.

मागे लेबलची गडबड झाली. लाइन क्लिअरन्सच्या वेळी, म्हणजे पुढची बॅच घेण्याआधी लाइन तपासताना, पकडली गेली, माल बाहेर गेला नाही. मुलगा सत्तरी तालुक्यातला, कॉन्ट्रॅक्टवर. चौकशीच्या खोलीत क्यूएवाले (क्वालिटीची माणसं), मी, प्लँट हेड, तो नुसता मान हलवतोय. रात्रपाळीला कॅन्टीनमध्ये मी त्याच्यासमोर चहा घेऊन बसलो, लॅपटॉप मुद्दाम वर ठेवून आलो, आणि आधी त्याच्या गावच्या काजूबद्दलच बोललो, त्या वर्षी मोहोर गळाला होता. मग हळूहळू बोलायला लागला. दोन वेगवेगळ्या स्ट्रेंग्थचे (औषधाच्या ताकदीचे) लेबल रोल स्टेजिंगला, म्हणजे लाइनवर नेण्याआधी, एकाच रॅकवर शेजारी ठेवतात आणि दोन्हींचा पट्टा निळाच. त्याच्या आधीच्या शिफ्टमध्येही हे होता होता राहिलेलं. सांगितलं का नाहीस विचारलं तर म्हणाला, नाव लागलं की कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाही सर.

एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या संशोधक आहेत, त्या नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, आणि आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. पुढे लक्षात आलं की तिथली माणसं चूक झाली की न घाबरता सांगत होती. १९९९ मध्ये त्यांनी टीममधल्या या निर्धास्तपणावर जो पेपर लिहिला तो आता जगभर मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात. आमच्या त्या मुलाला कोणी निर्धास्त करायचं, टूलने? ते माझंच काम आहे. रॅक वेगळे झाले, आणि रिपोर्टमध्ये 'मानवी चूक' लिहायचं नाही हे मी प्लँट हेडशी भांडून मान्य करून घेतलं.

कांदोळी, हॉटेल, हाउसकीपिंग

माझा अनुभव सरळ चांगला आहे. सीझनला आमच्याकडे झारखंड, आसाम, नेपाळ, कर्नाटक अशा सगळीकडच्या मुली येतात, आणि कुठलं केमिकल किती पाण्यात आणि कुठलं कशात कधीच मिसळायचं नाही (ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र झालं की विषारी वायू होतो हो!) हे मी आधी हातवारे करून सांगायचे. आता फोनवर बोलते आणि तिच्या भाषेत ऐकू येतं. ती परत मला सांगते, ते मला मराठीत. जीव वाचवणारी गोष्ट आहे ही. आणि समजावण्यातला वेळ वाचतो तेव्हा मी दुपारी त्यांच्याबरोबरच जेवते. तेव्हा फोन बंद. मोडकंतोडकं बोलतो आम्ही. शीतकढी, तिसऱ्या, हुमण हे शब्द त्या माझ्याकडून शिकल्या आणि मी नेपाळीत चार वाक्यं बोलते, पाचवं यायला वेळ लागेल पण येईल.

पर्वरी, कस्टमर सपोर्ट, टीम लीडर

आमच्याकडे कॉल चालू असताना स्क्रीनवर एआय उत्तर सुचवतं. अशाच टूलवर ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या तिघांचा २०२३ चा अभ्यास आहे, ५००० हून जास्त सपोर्ट एजंट्सचा. एकूण काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं, नवख्यांचं जवळजवळ ३४ टक्क्यांनी, आणि जुन्या अनुभवी लोकांना जवळपास काहीच फायदा नाही. आमच्या फ्लोअरवर अगदी हेच चित्र आहे, नवीन पोरं महिन्याभरात तयार होतात.

पण त्या आकड्यात न दिसणारी एक गोष्ट मला रोज दिसते. आधी नवीन मुलगा अडला की खुर्ची मागे ढकलून विचारायचा, 'दादा, हें कशें करूं?' आणि दादा उठून यायचा, दोन मिनिटं उभा राहायचा, जाताना पाठीवर थाप. आता कोणी विचारतच नाही, स्क्रीन सांगते. नवख्याला त्याचं काही वाटत नाही कारण त्याला दुसरं माहीतच नाही, पण आमचे आठ-दहा वर्षांचे सीनियर एकदम गप्प झाले. एकाने तर सरळ विचारलं, आता माझा इथे उपयोग काय. आणि ते टूल हुशार कोणामुळे झालं, तर यांच्याच जुन्या कॉल्समुळे, हे मला फार लागतं.

म्हणून मी आठवड्यातून एक दुपार ठरवली. सीनियर कॉल घेतो, शेजारी ज्युनियर हेडफोन लावून नुसता ऐकतो, सुचवणारी खिडकी बंद. कॉल संपला की ज्युनियरने विचारायचं, तुम्ही त्या बाईंना मध्ये का थांबू दिलंत, पटकन उत्तर का नाही दिलंत. ती उत्तरं ऐकायला मीसुद्धा बसतो. वरच्यांनी आकडे मागितले तेव्हा मी सांगितलं की लोक नोकरी सोडून जायचे कमी झाले की नाही ते वर्षभराने बघू, आत्ता मला ही दुपार द्या.

आणखी एक. आवाजावरून एजंटचा मूड मोजणारं सॉफ्टवेअर आम्हाला दाखवायला आणलं होतं. युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी माणसांच्या भावना मशीनने ओळखायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. मी तोच मुद्दा मांडला आणि विचारलं, माझ्या टीममधली मुलगी आज नाराज आहे हे मला कळत नसेल तर मी टीम लीडर कशाला?

म्हापसा, हॉस्पिटल, सिस्टर इन्चार्ज

ड्युटी रोस्टर मी एआयकडून करून घेते, सलग नाइट कोणाला जास्त पडल्या वगैरे ते अचूक पकडतं आणि माझा रविवार वाचतो. पण चवथ आणि नाताळ मी त्याच्या हातात देत नाही. चवथीला कोणाच्या मूळ घरी गणपती, कोणाकडे दीड दिवसाचा कोणाकडे पाच, कोणाची सासू आजारी म्हणून माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) हिलाच बांधायचीय, हे कुठल्या कॉलममध्ये भरणार? आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय, चवथीला ख्रिश्चन सिस्टर्स ड्युटी ओढतात आणि नाताळात आम्ही. हे सगळ्याजणी एकत्र बसून ठरवतात, थोडी कुरकुर होते, कोणी रुसतं, आणि मग चवथीनंतर डबे भरून नेवऱ्या येतात आणि नाताळात दोदोल येतो. कॉम्प्युटर जास्त 'फेअर' रोस्टर देईल कदाचित. पण आपण कोणासाठी तरी ड्युटी केली हे ज्या वॉर्डात माहीत असतं त्या वॉर्डात रात्री तीनला इमर्जन्सी आली की हाक मारावी लागत नाही. हे मी नव्या मॅनेजमेंटला समजावून सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानते.

पर्वरी, घरून काम, सॉफ्टवेअर

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वरचे सगळे अनुभव चांगल्या साहेबांचे आहेत. माझा मॅनेजर बंगळुरात, वन ऑन वन दर वेळी पुढे ढकललं जातं, आणि झालंच तर तो कॅमेरा बंद ठेवून दुसरं काहीतरी टाइप करत असतो, कीबोर्डचा आवाज येतो मला. शनिवार-रविवार काम करणार नाही हे त्याला सांगायची मी एआयबरोबर प्रॅक्टिस केली. एआयला म्हटलं तू माझा मॅनेजर हो, चिडका हो, मला अडव. खूप वेळा केलं. शेवटी प्रत्यक्ष बोलले तेव्हा आवाज कापला नाही माझा. ही ताकद मला मशीनने दिली हे मी नाकारणार नाही. त्यामुळे 'माणसाची जागा मशीन घेऊ शकत नाही' असं कोणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, ती जागा रिकामी कोणी ठेवली?

मडगाव, लीडरशिप कोच

वरच्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सरावासाठी मी माझ्या क्लायंटना स्वतःच एआय सुचवतो. आमच्या कामात ग्रो नावाची पद्धत आहे, ध्येय काय, आजची परिस्थिती काय, पर्याय कुठले, आणि शेवटी तू नक्की काय करणार. पहिल्या तिन्हींत एआय उत्तम मदत करतं, पर्याय तर माझ्यापेक्षा जास्त सुचवतं. चौथ्या पायरीला अडतं, कारण तिथे कोणालातरी शब्द द्यायचा असतो आणि तो मोडला तर तोंड दाखवायची पंचाईत व्हावी लागते.

समोरचं आपलं ऐकतंय असं वाटायला फार काही लागत नाही हेही खरं. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा हा प्रोग्राम केला होता. आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, इतकंच. तरी त्यांच्या सेक्रेटरीने, जिने तो बनताना बघितला होता, त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात त्यांना सांगितलं की जरा खोलीबाहेर जाल का. वायझेनबॉम पुढे आयुष्यभर याबद्दल सावध करत राहिले. आजची टूल्स तर कितीतरी गोड बोलतात. म्हणून क्लायंट म्हणाला 'मी सगळा विचार केलाय एआयबरोबर' की मी विचारतो, त्याने तुला कुठे विरोध केला?

एक उदाहरण, ओळख बदलून. डिचोलीकडचा ट्रान्सपोर्टचा धंदा, मुलगा आता बघतो. ड्रायव्हर कमी करायचे होते आणि त्याने एआयकडून मेसेज तयार करून आणला, व्हॉट्सअॅपवर पाठवायला. भाषा खरोखर चांगली, आदराची. मी त्याला फक्त विचारलं, २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि ट्रक थांबले तेव्हा तुझ्या बाबांनी कसं सांगितलं होतं? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बाबा प्रत्येकाच्या घरी गेले होते, काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या, पण २०१८ ला पुन्हा बंद झालं तेव्हा तेच लोक आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. तो मेसेज त्याने पाठवला नाही. कोणाला किती देणं लागतो, कोणाचं किती कर्ज बाकी, दुसरीकडे कुठे काम मिळेल, हे सगळं एआयकडून नीट मांडून घेतलं आणि तो कागद खिशात घालून घरोघर गेला. एआयचा इतका चांगला उपयोग मी क्वचित बघितलाय.

कुंडई, छोटं इंजिनियरिंग युनिट

सगळं वाचलं, बरं वाटलं. मला सल्ला हवाय. आमचे फोरमन काका डिसेंबरात रिटायर होतायत. मशीनच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे सांगतात. माझ्या पुतण्याचं म्हणणं, काकांचं बोलणं रेकॉर्ड करूया, एआयमध्ये घालूया, मग पोरं त्यालाच विचारतील. कल्पना चांगली आहे, काकाही तयार आहेत, पण त्यांनी एक अट घातलीय, रेकॉर्डिंगच्या वेळी समोर दोन पोरं बसली पाहिजेत, नुसत्या फोनशी मी बोलणार नाही. मला अट पटली. पण पोरं काकांसमोर लाजतात, प्रश्नच विचारत नाहीत, आणि काका कोंकणीत बोलतात ते त्या टूलला अर्धंच कळतं, शिवाय मशीन चालू असताना काहीच नीट ऐकू येत नाही. पर्वरीच्या दादांनी ती दुपार सुरू केली तेव्हा मुलांना पहिला प्रश्न विचारायला कसं लावलं? आणि कोंकणी रेकॉर्डिंगचं लिहून काढायचं काम कोणी नीट करून घेतलंय का, माणसाकडून असो की टूलकडून? खर्च किती येतो तेही सांगा.