मदत हवी आहे: इओसिनोफिलिक इसोफेजायटिससाठी दूध-गहू बंद, स्वयंपाकाचं कसं जमवायचं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मुलगा बारावीला आहे. जेवायला कायम सगळ्यांच्या मागे. घास चावत बसतो आणि दर घासाला पाणी लागतं. त्याचे काका "रवंथ झालं का?" म्हणून चिडवतात. लहानपणापासून शिंका आणि दम्याचा पंप आहेच. मागे एका लग्नात मटणाचा तुकडा असा अडकला की लाळसुद्धा गिळता येईना, शेवटी दुर्बिणीनं काढला. तेव्हाच बायोप्सी (आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीला) घेतली आणि इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे ॲलर्जीमुळे अन्ननलिकेला सूज येण्याचा आजार, असं निदान झालं. अन्ननलिकेत इओसिनोफिल या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डमध्ये १५ किंवा जास्त दिसल्या की या आजाराचा संशय पक्का होतो म्हणे, याच्या ४० च्या वर होत्या.

ॲसिडच्या गोळ्यांचा कोर्स झाला, पुन्हा स्कोपी (दुर्बिणीची तपासणी) केली, फरक नाही. आता दोन रस्ते आहेत: गिळायचं स्टेरॉइड (ब्युडेसोनाइड) नाहीतर पथ्य. पोरगं म्हणतं आधी पथ्य करून बघू. डॉक्टर म्हणाले, आधी फक्त दूध आणि गहू बंद, ८ ते १२ आठवड्यांनी परत स्कोपी. नाही जमलं तर अंडी-सोया, मग शेंगदाणे-काजू-बदाम आणि मासे. अंगावर टोचून करतात ती ॲलर्जीची टेस्ट मीच विचारली होती. या आजारात त्यातून नेमका दोषी पदार्थ सापडत नाही म्हणून ती नको म्हणाले.

गव्हाचं मला फारसं टेन्शन नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात असते, चपाती आमच्याकडे तशीही पाहुण्यांपुरती. कडक भाकरी मात्र त्याच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून मऊ भाकरी आमटीत कुस्करून देते. खरी पंचाईत दुधाची. चहा कोरा पितो, तोंड वाकडं करून. सासूबाई म्हणतात शेळीचं दूध चालेल, खपलीची हुग्गी (खीर) चालेल, खपली म्हणजे काय गहू आहे का! आणि साजूक तूप?

शेंगांचंही विचारायचंय. आमच्या घरी कूट नसलेली भाजी दाखवा आणि बक्षीस मिळवा. वर शेंगाचटणी रोजची. डॉक्टरांनी अजून बंद केलेलं नाही, पण पुढच्या यादीत आहेच, तर आत्ताच सगळं एकदम बंद करून मोकळं व्हावं का?

आहारतज्ज्ञ_पुणे: ताई, शेंगा आत्ता अजिबात बंद करू नका. सगळं एकदम काढलं आणि स्कोपी चांगली आली, तर कशामुळे आली ते कळणार नाही, मग एकेक पदार्थ परत सुरू करून दर वेळी स्कोपी. २०२३ मध्ये अमेरिकेतला मोठ्या माणसांवरचा एक अभ्यास आला. फक्त दूध बंद केलेल्यांत ३४ टक्के आणि तुमच्या डॉक्टरांच्या यादीतले सहाही गट बंद केलेल्यांत ४० टक्के लोकांची बायोप्सी सुधारली, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत.

सासूबाईंना प्रेमानं सांगा, खपली हा गहूच. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, तीही नकोत. तुपात दुधाचा अंश राहू शकतो, या काळात तेलच वापरा. आणि हिंगाची डबी उलटी करून वाचा! बांधणीच्या (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. पथ्य काटेकोर करूनही फोडणीतून रोज गहू पोटात जातो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. लसूण-जिऱ्यावर भागवा. बिस्किटं, फरसाण, तयार मसाले यांचंही पाकीट वाचा.

कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा. वाढीचं वय आहे, वजन महिन्याला बघा. बरं वाटतंय म्हणून स्कोपी टाळू नका. या आजारात त्रास कमी झाला तरी आत सूज असू शकते.

बार्शीकर: आमच्या भावाला हेच आहे. एक सांगतो, घास अडकला की भाताचा गोळा किंवा केळं ढकलू नका, आमच्याकडे तेच केलं होतं. थुंकी गिळता येत नसेल तर सरळ दवाखाना.

धागाकर्ती: दोघांचे आभार. हिंगाची डबी आत्ता बघितली, तिसऱ्याच शब्दावर "गव्हाचे पीठ"! सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग आजवर आम्ही कणीकच फोडणीला टाकत होतो का.

एक राहिलंच. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी, शेंगापोळी होणारच. सारणात शेंगा-गूळ चालेल, पण पारी चपातीच्या कणकेची असते. ज्वारीच्या पिठाची पारी केली तर लाटताना फाटते. कुणाला जमते का?

बार्शीकर: उकड काढून तांदळाचं पीठ मिसळा आणि लाटू नका, केळीच्या पानावर थापा. थोडी जाड होते, पण फुटत नाही.