मदत हवी आहे: मेट्रोचं कार्ड, ज्येष्ठांची सवलत आणि बेस्ट

नमस्कार मंडळी. आई सत्तरीची आहे. दहिसरहून अंधेरीला मेट्रोने जाते, रांगेत उभं राहून कागदी क्यूआर तिकीट काढते. मेट्रो २अ आणि ७ वर २०२३ पासून पासष्टीपुढच्यांना २५ टक्के सवलत आहे, पण ती 'मुंबई १' कार्डावर. म्हणून कार्ड काढायचं ठरवलंय.

अडचण अशी की या एनसीएमसी कार्डात (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे वेगवेगळ्या वाहतूक सेवांसाठीचं एकच कार्ड) गेटवर कापले जाणारे पैसे चिपमध्ये असतात. मी मोबाइलवरून भरले तरी ते लगेच चिपमध्ये उतरत नाहीत, आधी यंत्रावर कार्ड लावून अपडेट करावं लागतं. हे आईला एकटीला जमेल का? की खिडकीवर रोख देऊनच भरावेत? (ती सुट्ट्या पैशांचा बटवा काही सोडणार नाही, ते वेगळंच.)

हेच कार्ड बेस्टच्या कंडक्टरच्या मशीनवर आणि मेट्रो ३ ला बिनबोभाट चालतं का? वयाच्या पुराव्याला आधार पुरतं का? आणि हरवलं तर चिपमधल्या पैशांवर पाणी सोडायचं का? स्वतः वापरणाऱ्यांनीच सांगा, प्लीज. खिडकीवर दर वेळी वेगळं उत्तर मिळतंय.