टीमला विचाराच, पण आधी ठरवून
कुणीतरी म्हटलंय की नवीन माणूस निवडताना सगळ्या टीमला विचारत बसलं तर निर्णयच होत नाही, मला नाही पटत हे. आमच्या सात जणांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीममध्ये मागे मॅनेजरने एकट्यानेच माणूस निवडला, पोरगा हुशार होता पण आम्ही त्याला पहिल्यांदा बघितलं ते थेट जॉइनिंगच्या दिवशी, चार महिन्यात सोडून गेला आणि त्याची काहीच चूक नव्हती हो, त्याला काम वेगळंच सांगितलेलं. आता आम्ही उमेदवाराला अर्धा दिवस बोलावतो, एखादा जुना बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सोबत बसून सोडवतो, जेवायला एकत्र जातो. फक्त आपापलं मत आधी लिहून द्यायचं, चर्चा नंतर, नाहीतर सीनियर बोलला की बाकीचे तेच म्हणतात.

अमेरिकेत होल फूड्स या सुपरमार्केट कंपनीत तर ट्रायलनंतर नवीन माणसाला कायम करायला टीमची दोन तृतीयांश मतं लागायची. मतदान मला जरा जास्तच वाटतं, "आपल्यातला वाटत नाही" एवढ्यावर चांगला माणूस कटतो, आपल्याकडे आडनाव नि भाषा बघून तर सहज होतं हे. म्हणून नकार द्यायचा तर कामाशी संबंधित कारण लिहायलाच लावा, आणि शेवटचा निर्णय कुणाचा ते पहिल्याच दिवशी टीमला सांगून टाका.