मदत हवी आहे: सोसायटीच्या फळ्यावर लावायची सूचना कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

ताईला तीन वर्षांपासून वासांचा त्रास होतोय. ऑफिसात रंगकाम आणि नवं फर्निचर झालं तेव्हा सुरू झाला. आता जिन्यातलं फिनाइल, डांबरगोळ्या, लिफ्टमधला रूम फ्रेशनर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा घमघमाट, काहीही पुरतं. डोकं जड होतं, घसा जळतो, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत. अ‍ॅलर्जीच्या चाचण्या नॉर्मल. एका डॉक्टरांनी मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी (अनेक रसायनांचा अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होणं) म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले असा आजारच नसतो.

वाचल्यावर कळलं की हा वाद जुनाच आहे. मार्क कलन या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याची व्याख्या केली, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याची वेगळी नोंद नाही. शिवाय वास झाकून केलेल्या चाचण्यांत रुग्णांना खरं रसायन आणि नुसती हवा यातला फरक बहुधा ओळखता आला नाही. ताईला हे सांगितलं, तर म्हणाली, "कारण काही का असेना, भोवळ मलाच येते ना?" यावर काय बोलणार!

तर अडचण अशी. दिवाळीआधी जिन्याचं रंगकाम आहे, त्याच आठवड्यात पेस्ट कंट्रोल. सेक्रेटरींना तोंडी सांगितलं, तर "मग उदबत्तीपण बंद करायची का?" म्हणून हसले. उदबत्तीबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं! रविवारी मीटिंग आहे, त्याआधी फळ्यावर चार ओळी लावायच्यात. आजाराचं नाव घातलं तर लोक गूगल करून वाद घालतील, नाही घातलं तर नखरे समजतील.

जपानमध्ये २०२१ साली पाच सरकारी खात्यांनी मिळून सुगंधी साबण-सॉफ्टनरबद्दल एक पोस्टर काढलं होतं. त्यात बंदीची भाषा नव्हती. या वासाचा कुणाला त्रास होत असेल, एवढंच सुचवलं होतं. तो सूर मला आवडला. माझा कच्चा मसुदा:

"आपल्या विंगमधल्या एका रहिवाशांना रंग, कीटकनाशक आणि तीव्र सुगंधांनी त्रास होतो. अशा कामाची तारीख दोन दिवस आधी कळवावी, काम चालू असताना जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लिफ्टमध्ये फ्रेशनर मारू नये, ही विनंती."

फ्लॅट नंबर घालावा का? ताईला नकोय, पण निनावी सूचना कोण मनावर घेतं? आणि कमी व्हीओसीचा (हवेत उडून जाणारी रसायनं कमी असलेला) रंग कुणी सोसायटीत वापरलाय का? दुकानदार "वास येत नाही" म्हणतो, पण वास नाही म्हणजे सॉल्व्हंट नाही असं थोडंच आहे? खर्चात किती फरक पडला तेही सांगा, मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येणार.