'अक्गे' म्हणजे शिवी आहे का? (के-पॉपवाल्यांनो, मदत हवी आहे)

वय ४१, नोकरी बँकेत, आणि चार महिन्यांपासून सेव्हन्टीन या कोरियन पॉप गटाच्या नादी लागले आहे. घरी पत्ता नाही. भाजी निवडताना कानात इअरफोन दिसतो, एवढंच. तेरा जण आणि नाव सतरा, हे कोडं सुटायलाच आठवडा गेला: १३ सदस्य, ३ उपगट, १ संघ, अशी ती बेरीज आहे म्हणे.

'बायस' म्हणजे आपला लाडका. माझा वूजी, कारण गाणी तोच रचतो. मध्येच येऊन ती निष्ठा डळमळीत करतो तो 'बायस रेकर'. हे मला लगेच कळलं. शाळेत कंपासपेटीवर सचिन होता आणि जीव द्रविडवर! तर माझा रेकर होशी, नाचाच्या तुकडीचा म्होरक्या.

परवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहज लिहिलं, "मी वूजीचंच बघते, बाकीच्यांचं पुढे सरकवते." झालं! एकीने 'अक्गे' म्हटलं, दुसरीने 'सोलो स्टॅन' (म्हणजे एकाचीच चाहती), तिसरी म्हणे ओटी-१३ नसाल तर स्वतःला कॅरट (सेव्हन्टीनच्या चाहत्यांचं नाव) म्हणवू नका. माफी मागू की गप्प बसू? ("या वयात हे काय" असे प्रतिसाद नकोत. ते घरी मिळतीलच.)

प्रतिसाद १
ताई, शिवीच आहे, पण तुम्हाला लागू होत नाही. 'अक्सङ' म्हणजे विखारी, 'गेइन' म्हणजे व्यक्ती. दोन्हींची पहिली अक्षरं जोडून अक्गे. एकाच्या प्रेमापायी बाकीच्यांचा दुस्वास करणारे, कुणाला किती सेकंद ओळी मिळाल्या ते मोजून भांडणारे. एकट्याला बघण्यात गुन्हा कसला? कोरियन वाहिन्याच प्रत्येक सदस्याचा वेगळा 'जिककॅम', म्हणजे फक्त त्याच्यावरच रोखलेला व्हिडिओ, टाकतात. तिकडे बायसला 'च्वेए' म्हणतात, सर्वांत लाडका. दुसऱ्या नंबरचा 'छाए'. म्हणजे डावंउजवं तिथेही चालतंच. फक्त "पुढे सरकवते" हे ग्रुपवर बोलायचं नसतं. लग्नाच्या पंगतीत "मी फक्त जिलबी खायला आले" म्हणाल का?

प्रतिसाद २
ओटी-१३ म्हणजे तेराही जण आपले, एकही वजा नाही. बायस ठेवूनही ओटी-१३ राहता येतं. बहुतेक जण तसेच असतात.

धागाकर्ती
जिलबी पटली. ग्रुपवर लिहिलं, "पूर्ण बघते, मग मागे घेऊन वूजीला परत बघते." खरं तर परवापासून तसंच करतेय. अक्गे म्हणणारीनेच विचारलं, रेकर कोण? होशी म्हटल्यावर म्हणाली, आठवड्याभरात पक्ष बदलाल.