बेरियाट्रिक सर्जरीनंतर वजन परत चढतंय, रात्रीची खा-खा थांबत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. ज्यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा घरात कुणाची झाली आहे, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. डॉक्टरांकडे मी जाणारच आहे. पण माझ्या नात्यात, ऑफिसात, शेजारात हे ऑपरेशन झालेलं कुणीच नाही, त्यामुळे काय विचारायचं हेसुद्धा नीट कळत नाही.

थोडी माहिती देते. वय ४६, राहायला सांगलीत, बँकेत नोकरी. २०२१ साली दुर्बिणीतून स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया) झाली. तेव्हा वजन ११८ किलो होतं, मधुमेह होता, गुडघे दुखायचे आणि झोपेत श्वास अडकायचा. पुढच्या सव्वा-दीड वर्षात वजन ७६ वर आलं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, जिना चढताना कठडा धरावा लागेना. ऑपरेशन केल्याचं मला आजही समाधान आहे. हे आधीच सांगते, म्हणजे 'असलं काही करायलाच नको होतं' या चर्चेत धागा जायला नको.

आता वजन ८७ आहे. एकदम नाही वाढलं. महिन्याला पाव-अर्धा किलो, मध्ये दोन-तीन महिने काहीच नाही, मग गणपती-दिवाळीत दीड किलो, आणि ते उतरतच नाही.

पहिलं वर्ष भूक म्हणजे काय ते विसरायला झालं होतं. सर्जननी तेव्हा समजावलं होतं की जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, आणि भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होतं. म्हणून भूक लागत नाही. आणि खरंच लागायची नाही. घड्याळ बघून जेवावं लागायचं. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

जेवणाच्या ताटावर आजही काही अडचण नाही. अर्धी भाकरी, वाटीभर उसळ, थोडी भाजी एवढ्यात पोट गच्च होतं. वर एक घास गेला तरी छातीत दाटून येतं. पण तेच पोट भडंगाला नाही म्हणत नाही. शेव, चिवडा, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, हे सगळं तोंडात विरघळतं आणि अलगद खाली उतरतं. दाटत नाही, अडत नाही, पोट भरल्याचं कळतच नाही.

रात्री साडेदहाच्या सुमाराला हे सुरू होतं. सासूबाई झोपलेल्या असतात, मुलगा त्याच्या खोलीत, ओटा पुसून झालेला. भडंगाचा डबा वरच्या फळीवर असतो, मीच तिथे ठेवलेला. झाकण काढते, उभ्याउभ्याच एक मूठ घेते, झाकण लावते. पुन्हा काढते. लसणाचे तळलेले तुकडे आणि शेंगदाणे बोटांनी निवडून खाते. ताटलीत काही घेत नाही, कारण ताटलीत घेतलं की ते जेवण होतं. तेव्हा पोटात भूक नसते, हे मला पक्कं कळत असतं. तरी हात थांबत नाही. डबाच घरात ठेवला नाही त्या दिवसांत मी गूळ-शेंगदाणे खाल्ले, मुलाचं बोर्नव्हिटा चमच्याने कोरडं खाल्लं.

लोकांच्या बोलण्याचंही सांगते. वजन उतरलं तेव्हा 'किती खप्पड झालीस, आजारी दिसतेस' म्हणणाऱ्याच बायका आता हळदीकुंकवाला कमरेकडे बघून 'एवढं पोट कापून घेतलंस तरी?' असं विचारतात. मी हसून वेळ मारून नेते आणि घरी आल्यावर हमखास डबा काढते.

जे करून पाहिलं ते असं: साखर बंद केली, ती जमली. चतुर्थीचे उपवास सोडले, कारण साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स यापलीकडे त्यात काही नसायचं. रोज पाऊण तास चालते, कृष्णेच्या घाटापर्यंत. रात्री लवकर झोपून पाहिलं, तर बारा वाजता जाग येऊन स्वयंपाकघरात गेले. डाएटिशियनकडचा फॉलो-अप पहिल्या वर्षानंतर सुटला, तो दवाखाना दुसऱ्या शहरात आहे आणि नंतर तिकडून कुणी विचारलंही नाही.

मला विचारायचं आहे ते हे, की अशी ओढ तुम्हालाही परत आली का? ती भूक आहे की सवय हे कसं ओळखलं? जठर परत ताणलं जातं असं ऐकते, ते तपासता येतं का? आणि वाढलेलं वजन पुन्हा उतरवणं जमलं असेल, तर तुम्ही सुरुवात कशापासून केली? मधुमेह परत येईल या भीतीने हल्ली झोप लागत नाही. माझ्या आईचा पाय मधुमेहाने गेला आहे.

– कृष्णाकाठ

प्रतिसाद: वैदर्भीय

ताई, नमस्कार. माझी जठराची बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती) झाली २०१४ साली, नागपुरात. सर्वात कमी वजन ८२ होतं, मग वाढत वाढत ९६ झालं, आता दोन-तीन वर्षं ८९-९० वर स्थिर आहे. तेव्हा हे सगळं फक्त तुमच्याच बाबतीत होतंय हे पहिलं डोक्यातून काढा.

दोन गोष्टी माझ्या अनुभवातून. एक म्हणजे तुम्ही ज्याला रात्रीची भूक म्हणता ती ॲसिडिटी नाही ना, हे बघून घ्या. स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याचा त्रास पुष्कळ जणांना होतो. आमच्या दवाखान्याच्या ग्रुपवर एक काकू आहेत स्लीव्हवाल्या. त्यांना रात्री पोटात कुरतडल्यासारखं व्हायचं, काही खाल्लं की शांत वाटायचं. त्या वर्षभर त्यालाच भूक समजत होत्या. गोळी सुरू झाल्यावर निम्मं खाणं आपोआप गेलं.

दुसरी गोष्ट गोडाची. मला बायपासमुळे डंपिंगचा त्रास होतो. जिलबी खाल्ली की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, कुठेतरी आडवं व्हावंसं वाटतं. त्यामुळे गोड आपोआप सुटलं. पण एक प्रकार उशिरा होतो, तो मला फार उशिरा समजला. गोड किंवा मैद्याचं खाल्ल्यावर दोनेक तासांनी साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, आणि तेव्हा जी खा-खा सुटते ती माणसाला आवरत नाही. स्लीव्हवाल्यांनाही हे होऊ शकतं. तुम्ही संध्याकाळी घरी आल्यावर चहा-बिस्किट घेता का? घेत असाल तर रात्रीच्या डब्याचं मूळ कदाचित तिथे असेल. घरात ग्लुकोमीटर असेलच, ओढ लागते तेव्हा एकदा साखर मोजून बघा. आकडा वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि चहासोबत खाणं बंद करा. पातळ पदार्थाबरोबर खाल्लेलं पोटात थांबत नाही, झरकन पुढे जातं. जेवण झाल्यावर अर्धा तास पाणी नाही, हे सुरुवातीला आपल्याला सांगितलेलं असतं. पहिलं वर्ष संपलं की सगळे विसरतात.

प्रतिसाद: आहारसखी

मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे, बेरियाट्रिकचे रुग्ण बघते. इथे लिहिते ते सर्वसाधारण आहे, तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत.

वजन परत थोडं वाढणं हा या शस्त्रक्रियेच्या वाटचालीचाच भाग आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांवर एक मोठा अभ्यास चालला. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. म्हणजे सगळं परत आलं नाही, पण काही आलंच. तुम्ही ११८ वरून ८७ वर आहात, म्हणजे आजही २६ टक्के खाली. वजन घटल्यावर शरीर ऊर्जाही कमी खर्च करायला लागतं आणि भुकेची संप्रेरकं पुन्हा जोर धरतात. तुमच्या मनाच्या ताकदीचा हा हिशोब नाही.

आता तुमच्या ताटाकडे येते. अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ यातून साधारण दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन वेळचं तेवढं, सकाळचे पोहे आणि चहातलं दूध धरून तुम्ही तीसच्या आत आहात. तुम्हाला दिवसाला किमान साठ ग्रॅम लागतात. दिवसभर शरीर मागत राहतं आणि रात्री वसूल करतं. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी घ्या, तिथेच बारा ग्रॅम झाले. दुपारी चार वाजता, म्हणजे भूक लागायच्या आधी, पन्नास ग्रॅम पनीर किंवा साखर न घातलेला चक्का. ताटात आधी उसळ, मग भाजी, भाकरी शेवटी. जागा उरली तर. एवढ्याने आकडा भरत नसेल तर प्रोटीन पावडर डॉक्टरांना विचारून घ्या. मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी, तुम्हाला मधुमेह होता म्हणून.

तुम्ही भडंग पोटात सहज उतरतं असं लिहिलंत, ते अगदी बरोबर पकडलंत. जठर लहान केलं तरी असं कुरकुरीत-विरघळणारं खाणं त्याच्या तावडीत सापडत नाही. शंभर ग्रॅम शेवेत पाचशेच्या वर कॅलरी असतात. घट्ट, चावून खायचं अन्नच तुमच्या ऑपरेशनला काम करू देतं.

तपासण्या कराच: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एका वेळी घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. जठराचा आकार आणि आम्लाचा त्रास एंडोस्कोपीत किंवा बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसतो. झोपेत श्वास अडकायचा असं लिहिलंत. घोरणं परत सुरू झालं आहे का? झोप मोडत असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे रोज दिसतं.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल कुणीतरी सांगेलच म्हणून लिहिते. मार्च २०२५ मध्ये मंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. सर्जरीनंतर वजन वाढलेल्यांना डॉक्टर ती देतात आणि अनेकांची डोक्यातली खाण्याची टकळी त्याने शांत होते. पण मळमळ, उलट्या, आणि आधीच कमी असलेलं खाणं आणखी कमी होणं, हे सगळं तुमच्या पोटाच्या बाबतीत सांभाळावं लागतं. दुकानातून परस्पर आणून मुळीच घेऊ नका.

प्रतिसाद: कोरडवाहू

माझ्या थोरल्या भावाची झाली होती. त्याचं खाणं सुटलं आणि दारू सुरू झाली. आधी तो सणावारीसुद्धा प्यायचा नाही. या ऑपरेशननंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, हे आम्हाला कुणी ठासून सांगितलं नव्हतं. त्याला शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे समजलं की वडील गेल्यापासून तो जे खात होता ते भुकेसाठी नव्हतंच. ताई, तुम्ही हळदीकुंकवाहून आल्यावर डबा काढता हे वाचलं आणि म्हणून लिहिलं. समुपदेशकाकडे जा. वेड लागलेल्यांनीच जायचं असतं असं आमच्या गावाकडे मानतात, म्हणून भावाची तीन वर्षं गेली.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री डब्याकडे हात जायच्या आधी साखर मोजली, १०४ आली. म्हणजे निदान काल तरी साखर उतरलेली नव्हती. पण पोटात वरच्या बाजूला जळजळ होती, आणि मी आजवर तिकडे लक्षच दिलं नव्हतं. वैदर्भीय दादा, संध्याकाळचं चहा-बिस्किट आहेच, ऑफिसातून आल्या आल्या. आजपासून चहा वेगळा, आणि त्याच्या आधी अर्धा तास उकडलेलं अंडं.

आहारसखीताई, घोरण्याचं मुलाला विचारलं. तो म्हणाला, 'आई, गेलं वर्षभर तू परत घोरतेस, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.' तपासण्यांसाठी शनिवारची वेळ घेतली आहे. २६ टक्क्यांचा हिशोब मी कधी असा मांडलाच नव्हता, कायम ७६ पासून मोजत होते.

कोरडवाहू, तुमच्या भावाचं वाचून रात्री नवऱ्याशी पहिल्यांदा या विषयावर बोलले. ते येतो म्हणाले समुपदेशकाकडे.

एक शंका राहिली. माझे सर्जन दुसऱ्या शहरात आहेत, एंडोस्कोपी इथेच सांगलीत करून घेतली तर चालेल का? जुने कागद कोणते न्यावेत?

प्रतिसाद: आहारसखी

चालेल. डिस्चार्ज कार्ड आणि असतील तर ऑपरेशनच्या नोंदी सोबत न्या आणि स्लीव्ह झाली आहे हे वेळ घेतानाच सांगा. सीडी आणि रिपोर्ट घेऊन नंतर सर्जनना फोनवर दाखवता येईल, बहुतेक जण बघतात. रोज चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून न्या, उपाशीपोटी जायचं असतं, किती तास ते तिथे विचारा.